कुलपाचा तास

अमेरिकेत कपड्यांखाली पिस्तूल बाळगून हिंडायचं, तर निदान काही राज्यांत आधी क्लास करावा लागतो. इलिनॉयमध्ये तो सोळा तासांचा आहे. शेवटी रेंजवर ३० गोळ्या झाडायच्या: पाच, सात आणि दहा यार्डांवरून प्रत्येकी दहा. त्यातल्या २१ कागदी माणसाला लागल्या की झालात पास.

हा क्लास हवाच, आणि पिस्तूल घेणाऱ्या प्रत्येकाला तो सक्तीचा हवा. मात्र ज्या तासाने सर्वांत जास्त जीव वाचतील, तो तास बहुतेक क्लासांत नसतो.

आधी क्लास काय देतो ते पाहू. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल रिकामं करताना पहिल्यांदा मॅगझिन काढायचं आणि मग स्लाइड मागे ओढायची. आता हाच क्रम उलटा करा. स्लाइड ओढली की चेंबरमधली गोळी उडून बाहेर पडते, तुम्हाला दिसतेही. पण पुढे सरकताना तीच स्लाइड मॅगझिनमधली पुढची गोळी उचलून चेंबरमध्ये बसवते. मग तुम्ही मॅगझिन काढता. टेबलावर एक गोळी, शेजारी मॅगझिन आणि हातात रिकामं वाटणारं, पण भरलेलं पिस्तूल. कुणाचा तरी जीव गेल्यावर ‘रिकामंच होतं हो’ असं रडत सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना योग्य क्रम कुणी शिकवलेला नसतो.

म्हणून तर जेफ कूपरचे चार नियम जगभर घोकून घेतले जातात. १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तूल शिकवायची शाळा काढणारा हा कूपर. त्याचे नियम असे: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे उद्ध्वस्त करायचं नाही, त्याच्यावरून नळी फिरवू नका. नेम जुळेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवा. नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे ओळखा. चार ओळी आहेत, पण त्या हातात मुरायला सराव लागतो.

आपला हात आपल्याला किती फसवतो, हेही रेंजवरच कळतं. इन्स्ट्रक्टर खऱ्या गोळ्यांत एखादी नकली गोळी मिसळून मॅगझिन भरून देतात. नकलीची पाळी आली की धमाका होत नाही, पण नळी मात्र झटकन खाली जाते. आवाज व्हायच्या आधीच मनगट दचकलेलं असतं. शांत रेंजवर, कान झाकलेले असताना, न हलणाऱ्या कागदासमोर ही गत. मग अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, समोर माणसं धावत असताना हाच हात काय करील?

असं असूनही आज पन्नासांपैकी २९ राज्यांत पिस्तूल लपवून बाळगायला परवाना लागत नाही, आणि परवाना नाही म्हणजे क्लासही नाही. व्हरमाँटने तो कधी मागितलाच नव्हता. टेक्सासने २०२१ मध्ये ही अट काढली, फ्लोरिडाने २०२३ मध्ये, दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियानाने २०२४ मध्ये. आमदार शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणाऱ्या, घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीकडे बोट दाखवतात. ते बोट चुकीच्या जागी आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या ब्रूएन निकालात एवढंच ठरवलं, की परवाना मागणाऱ्या सामान्य नागरिकाला ‘तुझी खास गरज सिद्ध कर’ असं सरकारने म्हणू नये. सुरक्षिततेचा कोर्स मागणाऱ्या राज्यांच्या पद्धतीला त्या निकालाने धक्का लावलेला नाही. शिकण्याची अट कोर्टाने नव्हे, आमदारांनी काढली. मतांसाठी काढली, असं स्पष्ट म्हणायला हवं.

आता त्या नसलेल्या तासाकडे येतो. क्लासमध्ये धोका कायम बाहेरून येतो: पार्किंगमधला लुटारू, मध्यरात्री दार फोडणारा चोर. हे धोके खरे आहेत, त्यांची तयारी करणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण सरकारी आकडे बघा. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसं मेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० जणांनी स्वतःचा जीव घेतला. खून त्याहून पुष्कळ कमी, १८ हजारांच्या आत. कॅलिफोर्नियातल्या दोन कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःचं पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण ते नसलेल्या पुरुषांच्या जवळजवळ आठपट निघालं आणि स्त्रियांत पस्तीसपट.

कारण उघड आहे. आत्महत्येची तीव्र उबळ पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते आणि प्रयत्नातून वाचलेले बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक मात्र दुसरी संधी देत नाही. तिने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळपास नऊ जीवघेणे ठरतात. म्हणून कुलूप, वेगळी ठेवलेली गोळी आणि कठीण दिवसांत मित्राकडे नेऊन ठेवलेलं पिस्तूल या तीन गोष्टींचं मोल नेमबाजीहून जास्त आहे.

हे बंदुकीच्या विरोधकांनी रचलेलं कुभांड नाही. न्यू हॅम्पशरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून आठवड्याच्या आत तीन अनोळखी माणसांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांत जीव दिला. त्यानंतर तिथले दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र आले, अस्वस्थ गिऱ्हाईक कसं ओळखायचं याची पत्रकं त्यांनी काउंटरवर ठेवली. यूटामध्ये बंदूकवाल्यांच्याच संघटनेने हार्वर्डच्या संशोधकांबरोबर बसून परवान्याच्या क्लाससाठी आत्महत्या रोखण्याचा धडा तयार केला. पुढे २०२१ मध्ये त्याच राज्याने परवान्याची सक्ती काढून टाकली. धडा आहे, पण तो ऐकायला येण्याचं बंधन कुणावर नाही. न्यूयॉर्कने २०२२ च्या कायद्यात सोळा तासांच्या वर्गाबरोबर आत्महत्या-प्रतिबंधाचा विषयही सक्तीचा केला. ज्याला बाकी कायदा पटत नाही, त्याने एवढा भाग तरी उचलावा.

यात आपल्या माणसांचाही प्रश्न आहे. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगायला अमेरिकेचा कायदा मनाई करतो. ग्रीन कार्ड मिळालं की ही मनाई उठते. भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की ते हातात पडतं तेव्हा अनेक घरांत मुलं हायस्कुलात पोचलेली असतात. म्हणजे मराठी घरात पिस्तूल यायला कायदेशीर वाट मोकळी होते ती नेमकी मुलांच्या सर्वांत हळव्या वयात. आणि आपल्या घरांत नैराश्य हा शब्द उच्चारायचीसुद्धा चोरी. मार्क घसरले, प्रेम फिसकटलं, नोकरी गेली, सगळं ‘होईल नीट’च्या पांघरुणाखाली. अशा घरातल्या उघड्या ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल म्हणजे विस्तवाशी खेळ आहे.

मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना ठार केलं. पिस्तूल बापाने आणलेलं होतं. २०२४ मध्ये दोन वेगळ्या खटल्यांत ज्यूरींनी आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. ‘मला काय ठाऊक’ ही सबब तिथे चालली नाही.

तेव्हा शिकागो, डॅलस, एडिसनमधल्या भावाबहिणींनो, क्लासला जायचं तर जा. दोघांनी जा, नवरा आणि बायको दोघांनी. परवाना लागत नसेल तरीही जा. इन्स्ट्रक्टरने कुलपाचा आणि मनाच्या आजाराचा विषय काढला नाही, तर हात वर करून विचारा. तिजोरी पिस्तुलाच्या आधी विकत घ्या. कॉम्बिनेशन मुलांना माहीत नाही याची खात्री करा, पुन्हा करा. ९८८ हा मनाच्या संकटातला मदतीचा नंबर फोनमध्ये घाला आणि मुलांनाही सांगा. आणि घरातलं कुणी, तुम्ही स्वतःसुद्धा, खचलेलं असेल, तर त्याच दिवशी पिस्तूल घराबाहेर हलवा. एवढं करायची तयारी नसेल, तर पिस्तूल घेऊ नका.