क्वालकॉमकर

सॅन डिएगोच्या मराठी मंडळींत क्वालकॉमकर ओळखायला त्याचं नाव-गाव विचारावं लागत नाही. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत पुढच्याने सहज म्हणावं, "काय, बरं चाललंय ना?" आणि उत्तर यावं, "परवाचे तिमाही आकडे बघितलेस का?", की समजावं, सापडला. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, दारात जुनी टोयोटा. आधी सीओईपी किंवा व्हीजेटीआय, मग एमएस, मग टेलिकॉममधली नोकरी. ती क्वालकॉममध्येच केलेली असावी असं मुळीच नाही. उलट, आतून कंपनी बघितलेली माणसं शेअर विकून घर बांधून मोकळी झाली; बाहेरून बघणाऱ्याची निष्ठा कडवी राहिली.

कंपनीचा इतिहास त्याला मुखोद्गत असतो. १९८५ च्या जुलैत अर्विन जेकब्स यांच्या घरी सात जण जमले, त्यांतच अँड्र्यू व्हिटर्बी होते, हे तो अशा थाटात सांगतो की आठवा चहा देणारा हाच असावा. त्यातही १९८९ च्या नोव्हेंबरचं प्रात्यक्षिक हा त्याचा हातखंडा. जमलेल्या टेलिकॉम अधिकाऱ्यांना सीडीएमए हे कंपनीचं नवं मोबाइल तंत्रज्ञान दाखवायचं, आणि ऐनवेळी जीपीएसच्या वेळेचा घोळ झाला. दुरुस्ती होईपर्यंत जेकब्स भाषण लांबवत राहिले आणि मागून इंजिनियरने हात हलवल्यावरच थांबले. क्वालकॉमकर ही गोष्ट सांगताना स्वतःही थांबत नाही. त्याला मागून हात हलवणारं कुणी नसतं, एवढाच फरक.

पण त्याचं खरं प्रेम चिपवर नाही, पेटंटवर आहे. इथे त्याच्यातला वाईकडचा माणूस जागा होतो. "चिप विकणं हा धंदा झाला रे. पेटंट म्हणजे जमीन! फोन कुणीही बनवो, राबेल तो राबेल, खंड आपल्याला." त्याच्या आजोबांची जमीन कुळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ ही तारीख घरात कुणाच्या तरी तेराव्यासारखी सांगितली जायची, आणि आजोबा पुढची कित्येक वर्षं पिशवीत कागद घालून मामलेदार कचेरीच्या पायऱ्या चढत राहिले. नातू सात समुद्र ओलांडून शेवटी जमीनदार झाला तो असा. नांगर नको, बैल नको, पावसाची वाट बघायला नको. कोरियात कुणी फोन विकला की इकडे वाटा जमा.

२००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत सीडीएमए फोन हातात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा वडिलांनीही एक घेतला. पोराने लगेच अमेरिकेतून फोन करून सांगितलं, "बाबा, तुमच्या या हँडसेटमागे क्वालकॉमला रॉयल्टी येते. म्हणजे थोडी मलाच!" वडील म्हणाले, "मग त्यातलं काही इकडे पाठव की."

१९९९ हे त्याचं रामराज्य. त्या एका वर्षात शेअर सुमारे २,६०० टक्के चढला. २९ डिसेंबरला वॉल्टर पायसिक नावाच्या विश्लेषकाने एक हजार डॉलरचा अंदाज वर्तवला आणि त्या एका दिवसात भाव १५६ डॉलरनी उडून ६५९ वर गेला. मग एकाचे चार झाले, आणि २००० च्या जानेवारीत त्या प्रत्येकाने दोनशे डॉलरला हात लावला. त्या आठवड्यात क्वालकॉमकराने घरी बसून निवृत्तीचं गणित मांडलं. २००२ मध्ये तोच शेअर पंचविसाच्याही खाली होता. पुढे आणखी एकदा विभाजन झालं. ते धरून हिशेब केला तर जानेवारीतली उंची पुन्हा दिसायला २०२० चा उन्हाळा उजाडावा लागला.

"तेव्हा विकलं असतंत तर?" वहिनी विचारतात. हा प्रश्न त्या दर दिवाळीला विचारतात, आणि उत्तरही ठरलेलं आहे: "आणि टॅक्स किती बसला असता?" टॅक्स वाचवण्यासाठी नफाच होऊ न देणारी ही जात मी दुसऱ्या कुठल्या व्यवसायात पाहिलेली नाही. वर तो २००३ पासून मिळत आलेल्या लाभांशाचा हिशेब काढतो. वहिनी ऐकतात आणि काकडीची कोशिंबीर पुढे सरकवतात.

याच्यासमोर एक मंदीवाला असतोच. तो इंडेक्स फंडात पैसे घालून झोपणारा माणूस. त्यामुळे चेहरा तुकतुकीत. २०१७ च्या जानेवारीत ॲपलने खटला भरला. संबंध फोनच्या किमतीवर रॉयल्टी का म्हणून द्यायची, असा सवाल होता. मागोमाग ॲपलचे फोन जोडून देणाऱ्या कंपन्यांनी पैसे देणं थांबवलं. मंदीवाला आनंदाने म्हणाला, "कुळांनी खंड थकवला रे तुझ्या! आता कसेल त्याची जमीन." क्वालकॉमकर त्या दिवशी गोड न खाता घरी गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रॉडकॉम सत्तर डॉलरला एक शेअर या भावाने अख्खी कंपनीच घ्यायला आली. हा संतापला. वडिलोपार्जित जमीन सावकाराच्या घशात? भाव पुढे वाढवला तरी याचा नकार कायम. कुणी याला विचारलं नव्हतं, तो भाग वेगळा. २०१८ च्या मार्चमध्ये ट्रम्पनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सौदा मोडला, तेव्हा मंडळातल्या या सर्वांत कट्टर डेमोक्रॅटने आठवडाभर राष्ट्राध्यक्षांविषयी वावगा शब्द काढला नाही.

१६ एप्रिल २०१९ ला सॅन डिएगोच्याच कोर्टात सुनावणी सुरू होत असताना ॲपलने तडजोड केली. शेअर एका दिवसात तेवीस टक्के वर गेला. याने देशी दुकानातून पेढे आणले आणि मंदीवाल्याला दोन दिले. डबा रिकामा होतो न होतो तोच, मे महिन्यात, न्यायाधीश ल्युसी को यांनी दुसऱ्या एका खटल्यात कंपनीच्या परवाना पद्धतीविरुद्ध निकाल दिला. पुढच्या वर्षी अपील कोर्टाने तो फिरवला. दोन्ही निकालपत्रं याने पूर्ण वाचली. मुलीच्या कॉलेजचा करार सही करण्यापूर्वी इतका वाचला नव्हता, असं वहिनींचं म्हणणं.

यंदा मंदीवाला मुद्दाम आयफोन १६ई घेऊन आला. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या या फोनमध्ये मोडेम ॲपलचा स्वतःचा, सी१. "घे, हातात धरून बघ. तुझी चिप नाही यात." क्वालकॉमकराने फोन घेतला, हॉलबाहेर पार्किंगच्या टोकापर्यंत चालत गेला, वहिनींना फोन लावला, "ऐकू येतंय का?" असं तीनदा विचारलं आणि परत आला.

"रेंज बरी आहे," त्याने नाइलाजाने कबूल केलं. मग आवाज चढला. "पण मोडेम घरचा केला म्हणून पेटंट चुकतात होय? परवाना मार्च २०२७ पर्यंत आहे. तोवर खंड चालू!"

"आणि २०२७ नंतर?"

"नंतर काय," तो मसालेभात वाढून घेत म्हणाला, "कोर्ट आहेच की."

मंदीवाल्याने त्याच्या पानात तूप वाढलं.