बिनतारी भाऊ

प्रत्येक सोसायटीत एक बिनतारी भाऊ असतात. दारावरच्या पाट्या ते वाचत नाहीत. मोबाईलवर दिसणाऱ्या वायफायच्या नावांवरून बिऱ्हाडं ओळखतात. 'तुमच्या वरचे 6 वर, समोरचेही 6 वरच. तुम्हाला 11 वर टाकतो,' हे चपला काढता काढताच सांगून होतं. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल 1, 6 आणि 11 असे तीनच, हे अगदी खरं. पण भाऊंनी एकेकाला हलवत हलवत निम्मी इमारत 11 वर नेऊन बसवली आहे, हे त्यांना सांगायचं कुणी?

चहा येईपर्यंत त्यांनी अँटेना सरळ केलेल्या असतात. आपण त्या बेडरूमच्या दिशेनं बंदुकीसारख्या रोखून ठेवतो, याचा त्यांना मनस्वी राग. 'अहो, लहर मेदूवड्यासारखी पसरते. अँटेना मधल्या भोकात उभी. टोकाकडून काही निघत नाही!' हे ऐकल्यापासून आमच्या वहिनींना राउटर दिसला की सांबार आठवतं.

रिपीटरबद्दल त्यांचं मत कडक आहे. लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. 'ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो पुढं काय सांगणार? अर्ध्या वाटेवर लावा!' अर्ध्या वाटेवर आपलं देवघर असतं. तिथला प्लग निरांजनाच्या दिव्याचा. त्यावर घरात जी चर्चा होते ती भाऊ ऐकत नाहीत. ते तोवर आयपी पत्ता टाकून 192.168.1.1 वर पोचलेले असतात.

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे जावयानं अमेरिकेहून आणलेली अ‍ॅपलची एअरपोर्ट बेस स्टेशनं. एक मेन, एक रिले, एक रिमोट. सगळी एकाच चॅनलवर ठेवायची, एकमेकांचे मॅक पत्ते अचूक भरायचे, बारा अक्षरांतलं एक चुकलं की संपलं. एकाच रेडिओनं ऐकायचं आणि त्यानंच पुढं बोलायचं, म्हणून प्रत्येक थांब्यावर वेग निम्म्यावर येई. म्हणजे भाऊंच्या गच्चीपर्यंत नेट पोचायचं ते उपचारापुरतं. पण पोचायचं! 2018 साली अ‍ॅपलनं हा धंदाच बंद केला, त्याचं सुतक भाऊ अजून पाळतात. आताच्या मेश राउटरना ते तुच्छ मानतात. आपापसांत ठरवून मोकळे होतात, माणसाला काही विचारतच नाहीत, ही तक्रार.

खरं सांगायचं तर भाऊंना इंटरनेट नकोच असतं. ते पेपर कागदावरचा वाचतात, सिनेमा बघत नाहीत. त्यांना सेटिंग हवं असतं. नेट उत्तम चालू असलेल्या घरी ते दहा मिनिटांत अस्वस्थ होतात, आणि हात शर्टाच्या खिशातल्या सिमच्या पिनेकडे जातो. राउटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात ती पिन गेली, दिवे एकदा विझून पेटले, की भाऊ प्रसन्न आणि घर ऑफलाइन. मग कळतं की नेटवाल्यानं भरून दिलेलं युजरनेमही त्यात पुसलं गेलं. नेटवाला पोरगा फोनवर पहिला प्रश्न विचारतो, 'भाऊ येऊन गेले का?'

तरी एक गुण मान्य करायला हवा. उरलेल्या सोसायटीच्या राउटरांचं युजरनेम अ‍ॅडमिन आणि पासवर्डही अ‍ॅडमिन असताना, जिथं जिथं भाऊंचा हात लागला तिथं तो बदललेला आहे. फुकटात, न सांगता.

तुमच्याकडे ते येणार असतील तर पिनेकडे हात जाण्याआधी सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि निघताना नवा पासवर्ड कागदावर लिहून घ्या. तो फक्त भाऊंना ठाऊक असतो, आणि डिसेंबरात ते महिनाभर लेकीकडे बेंगळुरूला जातात.