काटा नव्वदीला

इंजिन ऑइलचं प्रेशर कमी झालं, तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. जास्त झालं, तर बहुतेक गाड्यांत काहीच लागत नाही. कमी प्रेशरमुळे इंजिन भर रस्त्यात जाम होऊ शकतं, म्हणून दिवा त्या संकटापुरता ठेवून गाडी बनवणाऱ्यांनी मालकाला दुसऱ्या काळजीतून मोकळं केलं आहे. आमच्या नशिबात हे मोकळेपण नव्हतं. आम्ही जुन्या बाजारातून घेतलेल्या टर्बो-पेट्रोल गाडीत आधीच्या हौशी मालकाने पुढच्या काचेच्या खांबावर एक गोल मीटर बसवून ठेवला होता. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी गाडी सुरू करून जरा ॲक्सिलरेटर दाबला, की त्याचा काटा ९० पी.एस.आय.ला टेकायचा आणि मी घामाघूम व्हायचो.

“अहो, स्वतःचं बीपी मोजायला डॉक्टरांनी सांगितलंय,” बायको म्हणाली, “तुम्ही गाडीचं काय मोजत बसलात?”

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की माणसं आपोआप जमतात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका काटा पाहून खूश झाले. “प्रेशर जास्त म्हणजे पंप ठणठणीत! मिठाई द्या.” काकांच्या पिढीला बँकेतली शिल्लक आणि ऑइलचं प्रेशर एकाच नियमाने चालतं असं वाटतं. मेव्हण्याचं मत अर्थातच उलट पडलं. “दाजी, टर्बोचे सील फुटणार. ऑइलच्या नळीत रिस्ट्रिक्टर टाका.” रिस्ट्रिक्टर म्हणजे साधारण एक मिलिमीटर भोकाची बारीक चकती. मेव्हणा हे सगळं व्हिडिओ बघून शिकला आहे. गाडी त्याच्याकडे नाही, त्यामुळे त्याचे सल्ले निर्भीड असतात.

टर्बोचं नाव निघालं की मीही हळवा होतो. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या वायूला कामाला जुंपून त्याच्याकडूनच इंजिनात जादा हवा भरून घ्यायची, ही काटकसर अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरला सुचली आणि १९०५ साली त्याने पेटंटचा अर्ज केला. गृहस्थ पुण्यात जन्मला नाही, हा केवळ योगायोग. या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. त्याच्या तोंडचं पाणी, म्हणजे ऑइल, कोणाच्या सल्ल्याने तोडायचं नव्हतं. गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी ना मिठाई मागितली, ना सील फुटल्याचं जाहीर केलं. त्यांनी एकच विचारलं, “साहेब, ऑइल कुठलं घातलंय?”

कागदपत्रांत आधीच्या मालकाची पावती निघाली. २०डब्ल्यू-५०. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३०. टर्बोला ‘दमदार’ काहीतरी द्यावं, म्हणून त्या बिचाऱ्याने दाट ऑइल पाजलं होतं.

“पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल ढकलतो,” मिस्त्री म्हणाले. “ऑइल दाट, वाटा बारीक, मग प्रेशर चढणारच. काटा वर गेला म्हणून टर्बोला ऑइल जास्त मिळतंय असं नाही. उलट थंडीत उशिराच पोचतं.” जादा प्रेशर सोडून द्यायला रिलीफ व्हॉल्व्ह असतो, पण ऑइल फारच दाट असलं तर तोही पुरा पडत नाही. फिल्टरमधला बायपास उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. म्हणजे महागडा फिल्टर घेऊनही कचरा इंजिनातच.

मेव्हण्याच्या रिस्ट्रिक्टरचं त्यांनी दोन वाक्यांत विसर्जन केलं. “तो बॉल बेअरिंगच्या टर्बोला. तुमचा बुशवाला आहे, उपाशी मरेल.” आणि सीलचं काय? टर्बोचं सील म्हणजे पिस्टनसारखी लोखंडी रिंग. ऑइल त्या रिंगेवर अडत नाही, ते खालच्या नळीने आपल्या वजनाने चेंबरमध्ये उतरतं. ती नळी चोंदली, किंवा इंजिनातली वाफ बाहेर जायची वाट बंद झाली, तर प्रेशर कितीही असो, मागून निळा धूर निघतो. आमच्या दोन्ही वाटा मोकळ्या होत्या.

मग मिस्त्रींनी दिव्याचा स्विच काढून त्या जागी आपला मीटर लावला. खांबावरचा मीटर चांगलाच वाढवून सांगत होता. पुस्तकातलं ऑइल आणि नवा फिल्टर घातल्यावर, इंजिन गरम असताना, काटा हजार आर.पी.एम.ला दहा पी.एस.आय. या गॅरेजच्या जुन्या ठोकताळ्याच्या आसपास शहाण्यासारखा फिरू लागला. काका म्हणाले, “पंप उतरला वाटतं.” मेव्हणा म्हणाला, “व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून वाढवता येईल, दाजी.”

तेव्हा वाचकहो, ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच घाला. काटा बघायचाच असेल, तर ऑइल पुरतं तापल्यावर बघा. सकाळचा आकडा मनावर घेऊ नका आणि तोवर ॲक्सिलरेटर दामटू नका. तापलेल्या इंजिनातही काटा चढाच राहिला, तर आधी दुसऱ्या मीटरने खात्री करा, मग रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय का ते बघायला सांगा. आणि काहीही झालं तरी बॉनेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडू नका.