साठ मीटर मर्यादाबाईंस खुलं पत्र

प्रति,
श्रीमती साठ मीटर मर्यादाबाई,
महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९,
मुक्काम : कपाट.

बाई, स. न. वि. वि.

परवा रात्री आमच्या शेजाऱ्याच्या मोसंबीच्या बागेत बोअरची गाडी आली आणि तुम्हाला ओलांडून खाली गेली, हे कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच. शेतीसाठी बोअर घेणाऱ्याला तुम्ही दोनशे फुटांवर अडवता असं ऐकून होतो. म्हणून बांधावर उभा राहून रॉड मोजत होतो. वीस फुटी रॉड. दहावा उतरला तेव्हा तुम्ही काहीतरी बोलाल असं वाटलं. गाडीवरच्या पोरानं निवांत अकरावा चढवला. आधी पिवळट मुरूम आला, मग काळ्या पाषाणाचं करडं पीठ, मध्येच लाल गेरू, पुन्हा पीठ. सकाळी आमची लिंबाची झाडं गिरणीवाल्यासारखी दिसत होती. सातशे वीस फुटांवर गाडी थांबली. तुमच्या धाकानं नव्हे, शेजाऱ्याचे पैसे संपले म्हणून.

तालुक्याला तक्रार घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "खोली मोजायची कशी?" अहो, गाडीवाल्यानं फुटाफुटाचं बिल लावलंय! या राज्यात भोकाची खोली कुणी अचूक लिहून ठेवत असेल तर तोच. गाड्यांची नोंदणी तुमच्याच कायद्यात आहे म्हणे. मग ते बिलबुक मागवायला काय हरकत होती?

तुमचा अंमल सुरू झाला २०१४ साली. दोनच वर्षांनी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेव्हा तुमच्या नावाचा बराच गजर झाला. पाऊस पडला, तुम्ही परत कपाटात. तुमच्या थोरल्या बहिणीची, १९९३च्या कायद्यातल्या पाचशे मीटर अंतराची, वेगळी गत नव्हती. गावच्या पिण्याच्या विहिरीजवळ दुसरी विहीर खोदू नका, म्हणून ती बिचारी सांगत राहिली.

लोक म्हणतात, तुम्ही एक सरकारी आकडा. माझं डोकं फिरतं ते इथे. आकडा मंत्रालयानं लिहिला असेल, पण त्यामागे आमच्या पायाखालचा दगड आहे. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बसाल्टचा. पाऊस मुरतो तो वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या थरात. खाली बहुतेक अखंड कातळ. पाणी असलंच तर दोन थरांच्या सांध्यात नाहीतर एखाद्या फटीत, आणि तिथवर नवं पाणी पोचायला किती पावसाळे लागतील याची कुणाला पडलेली नाही. वर हे सातशे फुटी भोक उथळ थरातलं पाणीही खाली ओढतं. म्हणजे त्याचा बोअर कोरडा गेला तरी माझी विहीर आटायची ती आटणारच!

आणि सरकार? एका हातानं तुम्हाला कायद्यात बसवतं आणि दुसऱ्या हातानं, २०२४ पासून, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट देतं. बिल मलाही येत नाही, म्हणून गप्प बसू? जमिनीत पाणी किती शिल्लक आहे ते न बघता उपसा फुकट करायचा, वर टँकरचं टेंडर काढायचं आणि या सगळ्याला धोरण म्हणायचं! लाज वाटत नाही? (उसाबद्दल इथे लिहीत नाही. त्यासाठी वेगळा कागद आणि पोलीस बंदोबस्त लागेल.)

बाई, तुमच्यावर उगाच तोंड टाकलं. तुमच्या हाताखाली ना माणूस, ना जीप. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर घेत नाहीत, पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात. पण ते गावानं आपलं आपण ठरवलं, तुमची वाट न बघता. आमच्या शेजाऱ्यालाही किती दोष द्यायचा? फळावर आलेली बाग डोळ्यांदेखत वाळत असताना त्याला "थांब" म्हणायला तुमच्याकडे कलम आहे. ती बाग जगवायला काय आहे?

तर, तो आता उत्तरेच्या बांधावर पाणाड्या आणतोय. तळहातावरचा नारळ उभा राहिला की गाडीवाल्याला फोन जाईल. या खेपेला येणार असाल तर रात्री अकरानंतर या, गाड्या तेव्हाच निघतात. बॅटरी आणा. आणि काही जमलं नाही तर निदान त्या बिलबुकाचा फोटो तरी काढून घ्या.

आपला,
एक विहीरवाला