उलटी बोहारीण

व्हिंटेज कपड्यांच्या दुकानात शिरणारा माणूस म्हणजे जुने कपडे घालणारा माणूस, असा एक भाबडा समज आहे. जुने कपडे घालणारे आपल्याकडे घरोघरी होते. थोरल्याची चड्डी धाकट्याला, विरलेल्या लुगड्याला दंड, झिजलेली कॉलर उलटवून शिवलेला सदरा आणि शेवटी गोधडी नाहीतर पोतेरं. कपड्याला चारी आश्रम भोगायला लावणाऱ्या त्या मंडळींनी हे 'सस्टेनेबल' म्हणून केलं नाही, परवडत नव्हतं म्हणून केलं. व्हिंटेजवाल्याची जात वेगळी. त्याला जुनं नको असतं, दुसऱ्याचं जुनं हवं असतं. पुरावा त्याच्याच घरात आहे. वडिलांचा डॉग कॉलरचा शर्ट माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असतो. तो घाल म्हटलं तर याला कसंसंच होतं. तसलाच शर्ट वांद्र्याच्या दुकानात पिवळ्या दिव्याखाली लाकडी हँगरवर दिसला, की हा खिसा चाचपू लागतो. फरक इतकाच, की ट्रंकेतल्या शर्टाला मालक आहे आणि तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला आहे.

दुकानातलं त्याचं वागणं मात्र ओळखीचं वाटतं. तो कापड उजेडाकडे धरतो, काखेत बघतो, शिवण उलटून बघतो, बोटांनी पोत चोळतो आणि हळूच वास घेतो. दारात भांडी मांडून बसणारी बोहारीण हेच करायची. फक्त तिचा हिशेब सुलटा होता. कॉलर विटकी निघाली, की पातेल्यावरचा सौदा वाटीवर यायचा. इथे कॉलर विटकी निघाली की किंमत चढते. डाग म्हणजे 'कॅरेक्टर', भोक म्हणजे 'ऑथेंटिक', आणि डांबराच्या गोळ्यांचा वास म्हणजे साक्षात इतिहास. विद्वत्ता दांडगी. लिव्हाइस जीन्सच्या मागच्या खिशावरच्या लाल पट्टीत इंग्रजी 'ई' मोठ्या लिपीतला असेल तर पँट १९७१ च्या आधीची, हे तो झोपेतही सांगेल. त्या खिशांना रिव्हेट मारायचं पेटंट १८७३ चं. कष्टकऱ्यांचे खिसे ओझ्याने उसवू नयेत म्हणून ती युक्ती. याच्या खिशात मोबाइलपेक्षा जड काही जात नाही.

यावर त्याचं म्हणणं असतं, की पूर्वीचं कापडच दणकट होतं; बघा, पन्नास वर्षं टिकलेला शर्ट! पण जे टिकले नाहीत ते दाखवायला आणणार कुठून? त्यांचं पोतेरं होऊन जमाना झाला. उरलेल्यांवरून पिढीची तब्येत ठरवायची, तर आपले सगळेच पूर्वज नव्वदी गाठून गेले म्हणावं लागेल. मुंबईच्या गिरण्यांचं सुती कापड चांगलं होतं, हे कबूल. १९८२ च्या संपानंतर त्यातल्या कितीतरी पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत, याची हळहळ त्यालाही वाटते. ती तो फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये कॉफी पिता पिता व्यक्त करतो. दुसरा मुद्दा पर्यावरणाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वापरलेला कपडा पुन्हा वापरला तर नव्यासाठी लागणारं पाणी, रंग, कापूस वाचतो, हे खरंच. पण वाचतो तो नव्याऐवजी जुना घेतला तर. हा नव्याच्या जोडीला जुनाही घेतो, आणि कपाटाचं दार गुडघ्याने लावतो. शिवाय हेच काम डोक्यावर टोपली घेऊन उन्हातान्हात करणाऱ्या बोहारणीला कोणी पर्यावरणवादी म्हटलं नाही. दुपारची झोपमोड होते म्हणून सोसायटीच्या फाटकावरूनच तिला परत पाठवलं.

तेव्हा तुमच्या घरात असा कोणी असेल, तर ट्रंकेतला तो शर्ट त्याला देण्याच्या फंदात पडू नका. मुकाट्याने दुकानात नेऊन द्या. महिन्याभरात तो विकत घेऊन येईल.