आठ थ्रेड लावून गेलेल्या साहेबांस



तुमचा पत्ता कुणी देत नाही, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो. मावळातल्या गुलाबवाल्यांसाठी तुम्ही लिहिलेला पायथॉनचा प्रोग्राम आता माझ्याकडे आलाय. पॉलिहाऊसमधून पानांचे फोटो येतात, त्यांवर भुरी आणि डाऊनी या रोगांचे डाग शोधायचे आणि सकाळच्या फवारणीआधी निकाल मोबाइलवर पोचवायचा, एवढंच त्याचं काम. जानेवारीअखेर व्हॅलेंटाइनची तोडणी सुरू झाली की फोटोंचा ढीग पडायचा आणि निकाल दुपारी यायचा. तोवर शेतकऱ्याने अंदाजाने औषध मारलेलं असायचं. त्याचे पैसे तुम्ही भरणार आहात का?

तुमचा इलाज फाइलमध्ये दिसतो: थ्रेडपूल, कामगार आठ. त्याने भागलं नाही, तेव्हा ‘सर्व्हर कमी पडतोय’ असा शेरा मारून तुम्ही सोळा कोरचं यंत्र घ्यायला लावलंत. बिल आलं, वेग आला नाही. ‘टॉप’ ही कमांड उघडून एकदा पाहायचं होतं. प्रोग्राम शंभर टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता, म्हणजे एकच कोर राबत होता आणि बाकीचे पंधरा बसून होते.

तुम्ही बोरघाटातून गेला असालच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सहा लेन आणि जुन्या हायवेच्या चार, अशा दहा लेनची वाहतूक आडोशी बोगदा ते खंडाळा या पट्ट्यात वर्षानुवर्षं सहा लेनमध्ये कोंबली जात आली. पायथॉनचा घाट त्याहून अरुंद आहे. नेहमीच्या पायथॉनमध्ये इंटरप्रिटरला एकच कुलूप असतं, जीआयएल. ते ज्या थ्रेडच्या हाती, त्याचाच पायथॉन कोड त्या क्षणी चालतो. तुम्ही घाटाच्या अलीकडे लेन वाढवत बसलात. न्यूमपाय आणि ओपनसीव्हीतली बरीचशी जड कामं सी किंवा सी प्लस प्लसमध्ये चालतात आणि तेवढ्यापुरतं कुलूप सोडतात. तुम्ही मात्र प्रत्येक पिक्सेल साध्या पायथॉनच्या लूपमध्ये तपासलात. ती पळवाटही तुम्हीच बुजवली.

फोटो उतरवून घ्यायला थ्रेड लावलेत, ते बरोबर केलंत. तिथे प्रोग्राम नेटवर्कची वाट पाहतो, आणि वाट पाहणारा थ्रेड कुलूप सोडून देतो. पण डाग शोधणं हे वाट पाहणं नाही, ती मोजणी आहे. तिला वेगवेगळ्या प्रोसेस हव्यात, प्रत्येकीचा इंटरप्रिटर वेगळा, मेमरी वेगळी. इथे पुण्यातच सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक उभा केला. त्यातल्या प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी होती आणि ते एकमेकांना निरोप पाठवून काम वाटून घेत. तुमच्या दाराशी हा धडा तेव्हापासून आहे.

प्रोसेसही फुकट मिळत नाही, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे डोळे मिटून सोळा प्रोसेस लावाल. प्रत्येक प्रोसेस आपला पसारा मेमरीत वेगळा मांडते, आणि एकीकडून दुसरीकडे डेटा द्यायचा तर तो बांधून पाठवावा लागतो आणि तिकडे सोडवावा लागतो. म्हणून मी अख्खा फोटो न पाठवता फाइलचं नाव पाठवतो. लूप न्यूमपायमध्ये नेला आणि प्रोसेसची संख्या मोजून ठरवली. आता निकाल पहाटे तयार असतो, तोही जुन्याच यंत्रावर.

पायथॉन 3.13 मध्ये, ऑक्टोबर 2024 ला, बिनकुलपाची प्रायोगिक आवृत्ती आली; 3.14 मध्ये तिला अधिकृत पाठबळही मिळालं. पण ती वेगळी बसवावी लागते, आणि कुलूप गेल्यावर दोन थ्रेडनी एकच गोष्ट एकदम बदलली तर काय होतं, ते तुम्हालाच सांभाळावं लागेल. मोजल्याशिवाय तिला हात लावू नका.

तुमच्या शब्दावर घेतलेलं ते यंत्र आता विकायला काढलंय. शेतकऱ्यांच्या गटाची बैठक वडगावला असते. तिथे या आणि ते का घ्यायला लावलंत, ते त्यांच्यासमोर सांगा.

तुमच्यानंतर तुमचा कोड सांभाळणारा