शाल, श्रीफळ आणि वाण

देशी वाण जपायचे म्हणजे बी उणे अठरा अंशांवर गोठवायचे आणि ते पिकवणाऱ्याच्या खांद्यावर शाल घालायची, एवढे आपल्याला जमते. देशी बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना 2020 सालची पद्मश्री मिळाली, ती योग्यच. पण हमीभावाच्या यादीत या देशातल्या हजारो भातांचे प्रकार दोनच: साधारण आणि ‘अ’ श्रेणी. सुवास, चव, पुरात तग धरणे हे गुण रकान्यात मावत नाहीत. शीतगृहातले बी सुरक्षित असते हे खरे. सीरियातल्या युद्धामुळे 2015 मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाणे कोठारानेच तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यांनी ठेवलेले बियाणे परत दिले. मात्र गोठलेल्या बियाला नव्या किडीची, लहरी पावसाची ओळख होत नाही. ती दरवर्षी शेतातच होते.

सुधारित वाणांनीच देशाची भूक भागवली ना, असे कोणी म्हणेल. भागवलीच, आणि त्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण 1970 साली अमेरिकेतला बहुतेक मका एकाच मातृवंशाचा निघाला आणि करपा रोगाने सुमारे 15 टक्के पीक गेले. एकसारखेपणा रोगालाही सोयीचा असतो. शेतकऱ्याने तोट्यात वाण जपावे आणि विमा मात्र साऱ्या देशाचा उतरावा, ही अपेक्षा फुकटेपणाची आहे. शाल राहू द्या, त्याच्या भाताला भाव द्या.